माईक बंद का?

कर्जतला ताईकडे गेले होते. भाची मोबाइलवर गेम खेळत होती. कानाला हेडफोन, तोंडाला मात्र कुलूप!

‘अगं, यात बोलायचं असतं ना?’

‘मुलीचा आवाज ऐकला की पोरं काहीही बोलतात, मावशी.’

पूर्वी सायबर कॅफेत पोरं ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळायची. शिवी दिली, तर हरणारा शेजारच्याच खुर्चीत, धपाटा ठरलेला! २०१८ मध्ये ‘पब्जी’ मोबाइलवर आला आणि जोडीदार कुठला, कोण, हेच कळेनासं झालं. २०२० मध्ये त्यावर बंदी आली, २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ आला. नाव बदललं, तोंडं तीच.

‘मग आम्ही चौघी मैत्रिणींनीच टीम केलीय.’

रात्री नऊला तिचा माईक सुरू झाला. काय तो कलकलाट! शेवटी ताईनेच दार लावून घेतलं.