मालकाच्या मुलाची आई : इस्लामी कायद्यातील दासींच्या हक्कांचा मागोवा

इस्लामच्या उदयापूर्वीही अरबस्तानात गुलामगिरी रुजलेली होती. कुराणाने ती रद्द केली नाही; गुलामाची सुटका करणे मात्र मोठे पुण्य ठरवले. त्याच्या चोविसाव्या सूरहमध्ये (अध्यायात) दोन आज्ञा आहेत : गुलामाने मोबदला देऊन सुटण्याचा करार मागितला आणि तो लायक असला तर तसा करार करावा, कमाईसाठी दासींना वेश्याव्यवसायाला जुंपू नये. पण स्वतःच्या दासीशी शरीरसंबंध ठेवण्याचा मालकाचा हक्क कायम राहिला आणि त्यासाठी तिची संमती कायदेपंडितांनी आवश्यक मानली नाही.

तिला खरे संरक्षण मिळे ते आई झाल्यावर. मालकापासून मूल झालेली दासी ‘उम्म वलद’ होई. तिला विकता येत नसे आणि मालकाच्या मृत्यूनंतर ती आपोआप मुक्त होई. मूल जन्मतःच स्वतंत्र असे आणि वडिलांच्या मालमत्तेत त्याला पत्नीच्या मुलांप्रमाणेच वाटा मिळे. अशा दासीच्या विक्रीवरील बंदीचे श्रेय दुसरे खलिफा उमर (इ. स. ६३४–६४४) यांना दिले जाते. चारही सुन्नी पंथांनी ती स्वीकारली. शिया पंडितांनी काही परिस्थितींत विक्रीला मुभा ठेवली. सुन्नींपैकी हनफी मतात मालकाने पितृत्व कबूल करणे गरजेचे होते. म्हणजे आईचे भवितव्य पुन्हा त्याच्याच शब्दावर अवलंबून राही.

याच वाटेने काही स्त्रिया सत्तेपर्यंत पोहोचल्या. हारून अल-रशीदची आई खैजुरान मूळची दासी होती. १२५० मध्ये इजिप्तच्या गादीवर बसलेल्या शजर अल-दुर्रने आपल्या नाण्यांवर खलीलची आई अशी ओळख कोरली. तो मुलगा तेव्हा हयातही नव्हता.

महालाबाहेरचे वास्तव निराळे होते. १८५४ मध्ये शेमसिगुल नावाच्या चेर्केस दासीने कैरोच्या पोलिसांपुढे जबानी दिली. गुलामांच्या एका व्यापाऱ्याने, ती त्याच्यापासूनच गरोदर असतानाही, तिला विकले होते. गर्भ पडावा म्हणून त्याच्या बायकोने तिला मारहाण केली आणि जन्मलेले बाळही तिच्यापासून हिरावले गेले. कायदा तिच्या बाजूने होता. तरी न्याय मागायला तिलाच पोलिसांपर्यंत पोहोचावे लागले.

गुलामगिरी संपवतानाही या स्त्रिया मागेच राहिल्या. झांझिबारमध्ये १८९७ मध्ये मुक्तीचा हुकूम निघाला, पण मालकाच्या घरातील उपस्त्रियांना त्यातून वगळले. त्यांना हा हक्क मिळायला १९०९ उजाडले. सौदी अरेबियाने १९६२ मध्ये, ओमानने १९७० मध्ये आणि मॉरिटानियाने १९८१ मध्ये गुलामगिरीवर बंदी घातली.

२०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने यझिदी स्त्रियांना गुलाम करून जुन्या ग्रंथांचा आधार सांगितला. त्याच वर्षी शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी जाहीर पत्र काढून ही प्रथा आज निषिद्ध असल्याचे बजावले. या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे : जुन्या कायद्याने दासीला आई म्हणून काही हक्क दिले, पण ‘नाही’ म्हणण्याचा हक्क दिला नाही. तो हक्क नसेल तर बाकीचे सारे संरक्षण अपुरेच ठरते.