मांजराचे पोट आणि उन्हाळ्याचे पाणी



या पानावर आपण आजवर रक्तदाब, रक्तक्षय आणि बाळंतिणीच्या आहाराबद्दल बोललो. यावेळी विषय मांजराचा आहे. काहींना हसू येईल. पण वस्तीत ज्वारीचे पोते, डाळीचा डबा आणि लेकरांची वह्या-पुस्तके उंदरांपासून वाचवते ती मांजरच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर बऱ्याचदा तिचीच सोबत असते. शिवाय हा लेख लिहायला आमची स्वतःची एक चूक कारण झाली आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात नांदेडच्या एका वस्तीत आम्ही बीपी तपासायला गेलो होतो. एका आजींचा बोका चुलीजवळच्या राखेत सारखा बसत होता, कुंथत होता, पुन्हा उठत होता. आजींनी विचारले, "बाई, तुम्ही दवाखान्यातल्या. याला काय झालं?" आम्ही म्हणालो, "पोट साफ झालं नसेल, चमचाभर एरंडेल पाजा." तिसऱ्या दिवशी बोका मेला. पुढे पशुवैद्यकांशी बोललो तेव्हा कळले की त्याची शी नव्हे, लघवी अडली असणार. आम्ही माणसांची नर्सिंग शिकलो होतो आणि तेच ज्ञान मांजराला लावले. आजींनी आम्हाला बोल लावला नाही, पण ती गोष्ट मनातून जात नाही.

शी अडली की लघवी?

सगळ्यात आधी हेच ओळखायचे. दोन्हीत मांजर कुंथते. मात्र बोक्याची लघवीची नळी अरुंद असते. तिच्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते आणि अंगात विष साठून दोन-तीन दिवसांत जीव जातो. बोका पुन्हापुन्हा बसतो, पण थेंबभरच लघवी होते किंवा होतच नाही. तो ओरडतो, मागची जागा सारखी चाटतो, ओकतो, खाणे सोडतो. असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टर गाठा. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, आतली पिशवी फुटू शकते.

मांजर जिथे बसते ती माती किंवा वाळू रोज पाहायची सवय ठेवा. ओली झाली का, शी दिसली का, एवढे पाहिले तरी निम्मे निदान घरीच होते.

बद्धकोष्ठता कशाला म्हणायचे?

धडधाकट मांजर साधारण दिवसातून एकदा शी करते. ती ओलसर आणि आकार धरलेली असते. शेळीच्या लेंडीसारखे कोरडे, कडक खडे पडू लागले, कुंथताना ओरडणे सुरू झाले, किंवा दोन दिवस शीच झाली नाही, तर ती बद्धकोष्ठता समजा. कधी कधी कडक मळाच्या बाजूने थोडे पातळ पाणी बाहेर येते आणि घरच्यांना जुलाब वाटतो. तिथे फसू नका.

असे का होते?

मोठे कारण पाणी. आजची घरगुती मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या वंशातली. कोरड्या मुलखातला तो जीव शिकारीच्या मांसातूनच बरेचसे पाणी मिळवायचा. म्हणून मांजराला तहान कमी लागते. उंदीर किंवा ताज्या मांसात दोन तृतीयांशाहून जास्त पाणी असते. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत ते शेकडा दहाच्या आसपास. शरीराला पाणी कमी पडले की मोठे आतडे शीतले पाणी शोषून घेते आणि मळ खड्यासारखा होतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. घागरभर पाण्यासाठी माणसे रांगेत उभी असतात तेव्हा मांजराची वाटी कोरडी राहते, यात कोणाचा दोष नाही. पण चार किलोच्या मांजराला अन्नातले धरून दिवसाला पेलाभर, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर पाणी पुरते. तेवढे आपण काढू शकतो.

बाकीची कारणे अशी: कोंबडीची किंवा मटणाची हाडे, चाटताना पोटात गेलेले केस, दोरा किंवा मांजा, जंत, म्हातारपण आणि मूत्रपिंडाचा आजार, लठ्ठपणा. मोटारसायकलची धडक बसून कंबरेचे हाड मोडलेले असेल, तर ते वेडेवाकडे जुळून शीची वाट अरुंद होते. बसायची जागा घाण असली तरी मांजर शी धरून ठेवते. दुखणे जुने झाले की मोठे आतडे ताणून सैल पडते आणि त्याला मळ ढकलता येत नाही. मग पुढे कधी कधी शस्त्रक्रियाच करावी लागते.

घरी काय करावे?

पाण्याच्या दोन-तीन वाट्या सावलीत, वेगवेगळ्या जागी ठेवा आणि रोज धुवा. बसायच्या जागेजवळ वाटी नको. कोंबडी किंवा मासळी शिजवताना मांजराचा वाटा मीठ-मसाला, कांदा-लसूण घालण्याआधी बाजूला काढा. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हाडे काढा आणि उरलेले पाणी तसेच पाजा. सुकट-बोंबील आपण आवडीने खातो, पण त्यातले मीठ मांजराला जड जाते. द्यायचेच तर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, थोडेच द्या. मांजर खात-पीत असेल आणि त्रास हलका असेल, तर उकडलेला, कुस्करलेला लाल भोपळा चमचाभर अन्नात मिसळून पाहता येतो.

नुसत्या दूध-भाकरीवर मांजर पोसत नाही, तिला मांस लागतेच. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही. दुधाने पोट साफ झाले असे जे वाटते तो खरे तर जुलाब असतो, आणि त्यात अंगातले पाणी आणखी कमी होते.

काय करू नये?

एरंडेल किंवा पातळ पॅराफिन जबरदस्तीने तोंडात ओतू नका. ते श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते. मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मांजराला कधीही देऊ नका. रक्तातले क्षार बिघडून ते दगावते. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या नकोत. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडे कापले जाते.

डॉक्टरांकडे केव्हा?

दोन दिवस शी नाही, ओकाऱ्या, खाणे बंद, पोट कडक, मांजर निपचित पडलेले, यातले एक जरी दिसले तरी जा. डॉक्टर सलाईन देतात, कोमट पाण्याचा एनिमा देतात, लॅक्ट्युलोजसारखे औषध मांजराच्या वजनानुसार ठरवतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींचा नाही, तिथे मांजरही दाखवता येते. लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि शेजारी परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२. ते मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण जवळचा दवाखाना विचारायला हरकत नाही. नेताना मांजराला झाकणाच्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा.

दुखणाऱ्या जागी हात लागला की मांजर चावते. चावले-ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजच्या लसीसाठी जा. हळद-चुना लावत बसू नका. गरोदर बाईने मांजराची शी काढू नये, त्यातून होणारा टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग पोटातल्या बाळाला बाधतो. इतरांनीही नंतर साबणाने हात धुवावेत.

त्या आजींकडे आता एक भाटी आहे. गेल्या उन्हाळ्यात ती दोन दिवस शीला बसली नाही, तेव्हा आजींनी आम्हाला फोन केला. आम्ही औषध सांगितले नाही. खोके घेऊन गेलो आणि तिघी मिळून रिक्षाने दवाखान्यात पोहोचलो. सलाईन आणि एनिमावर भागले. आजींच्या उंबऱ्याशी आता पाण्याच्या दोन वाट्या असतात.