चार दारे, दोन सेकंद

मोटारीची चपळाई जगात बहुतेक ठिकाणी ज्या मापाने मोजली जाते ते माप कमाल वेगाचे नसून, उभी गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाला पोहोचायला किती सेकंद घेते याचे आहे. आणि या मापात गेल्या दहा-बारा वर्षांत घडलेली सर्वांत अनपेक्षित गोष्ट अशी की, दोन आसनांच्या, जमिनीलगत बसक्या अशा महागड्या क्रीडा-गाड्यांना चार दारांच्या, मागच्या आसनावर मुले आणि डिकीत सामान वाहणाऱ्या सेडान गाड्यांनी नुसते गाठले नाही, तर त्यांतल्या बहुतेकींना मागे टाकले.

या शर्यतीचा आरंभ सामान्यतः १९६८ सालच्या मर्सिडीज ३०० एसईएल ६.३ या गाडीपासून मानता येतो. एरिक वॅक्सेनबर्गर या अभियंत्याने कंपनीच्या ‘६००’ या अवाढव्य लिमोझिनचे ६.३ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन तुलनेने लहान सेडानमध्ये बसवले आणि २५० अश्वशक्तीची ही प्रतिष्ठित दिसणारी गाडी ६.५ सेकंदांत शंभरी गाठू लागली. सुमारे १७ वर्षांनी आलेल्या पहिल्या बीएमडब्ल्यू एम५चा आकडाही जवळपास तेवढाच होता. १९९०च्या लोटस कार्लटनने मात्र ३७७ अश्वशक्तीच्या बळावर ताशी सुमारे २८० किलोमीटरपर्यंत मजल मारली, तेव्हा कुटुंबाच्या गाडीला एवढा वेग हवा कशाला, असा प्रश्न ब्रिटनमधील वृत्तपत्रांनी आणि पोलीस अधिकाऱ्यांनी उघडपणे विचारला. १९९३ मध्ये चोरीला गेलेली अशी एक गाडी दुकाने फोडणाऱ्या टोळीच्या हाती लागली आणि पाठलागावरच्या पोलिसांना ती अखेरपर्यंत सापडली नाही, हे पाहता त्या टीकेला केवळ कांगावा म्हणता येत नाही.

या काळात चपळाई वाढवण्याचे उत्तर एकच होते: इंजिनाची अश्वशक्ती वाढवा. त्याची मर्यादा एम५च्याच पुढच्या पिढ्यांत स्पष्ट दिसते. २००५ सालची दहा सिलिंडरांची ५०७ अश्वशक्तीची एम५ शंभरीला ४.७ सेकंद घेत असे. २०११ सालच्या ५६० अश्वशक्तीच्या गाडीने त्यातले जेमतेम ०.३ सेकंद वाचवले. आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ६०० अश्वशक्तीच्या गाडीने एकदम ३.४ सेकंदांवर उडी घेतली. हा पूर्ण एक सेकंद वाढीव ४० अश्वशक्तीतून आलेला नव्हता, तर तो मुख्यतः आधी फक्त मागच्या चाकांना मिळणारे बळ चारही चाकांना मिळू लागल्यामुळे आला होता. अडचण इंजिनाची नसून टायरच्या पकडीची होती, आणि हे समजायला उत्पादकांना लागलेला वेळ पाहता अश्वशक्तीचा मोह किती चिवट असतो याची कल्पना येते.

पकडीचे गणित सोपे आहे. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणबल व टायरवरील भार यांच्या गुणोत्तराला घर्षणांक म्हणतात. हा घर्षणांक १ असेल आणि चारही चाके पूर्ण जोर लावत असतील, तर गाडीला गुरुत्वीय त्वरणाइतकेच त्वरण मिळते, म्हणजे शंभरी गाठायला २.८३ सेकंद लागतात. गाडीचे वजन वाढले तर भार वाढतो, पण ढकलायचे वस्तुमानही तितकेच वाढते, त्यामुळे या हिशेबातून वजन गळून पडते. ते परत येते ते ऊर्जेच्या हिशेबात: २,२०० किलोची गाडी २.५ सेकंदांत शंभरीला न्यायची तर सरासरी सुमारे ३४० किलोवॅट शक्ती लागते, आणि जोर कायम ठेवायचा तर वेगाबरोबर शक्तीची मागणी वाढत जात असल्याने शेवटच्या क्षणी ती जवळजवळ दुप्पट, म्हणजे ९०० अश्वशक्तीच्या घरात पोहोचते.

विजेच्या गाडीने बाजी मारली ती इथे. पेट्रोल इंजिन थांबलेले असताना काहीच बळ देत नाही, त्याला क्लच घसरवत वेग घ्यावा लागतो आणि पुढे गिअर बदलण्यात क्षण खर्ची पडतात. विजेची मोटर मात्र शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ, देते आणि चाक घसरू लागताच ते बळ अत्यंत जलद आवरते. याहून महत्त्वाची, पण क्वचितच सांगितली जाणारी बाब बॅटरीची आहे. बॅटरी एका वेळी किती शक्ती सोडू शकेल हे तिच्या प्रकाराबरोबरच तिच्यातील घटांच्या संख्येवर अवलंबून असते, आणि लांबरुंद सेडानच्या तळाखाली जेवढे घट मावतात तेवढे छोट्या क्रीडा-गाडीत मावत नाहीत. पेट्रोलच्या काळात जे आकारमान निव्वळ ओझे होते तेच विजेच्या काळात शक्तीचे कोठार झाले. शिवाय तळाशी बसलेल्या त्या वजनामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो आणि उड्डाणाच्या क्षणी पुढची चाके हलकी होण्याचे प्रमाण घटते.

२०२१ साली आलेल्या तीन मोटरींच्या, १,०२० अश्वशक्तीच्या टेस्ला मॉडेल एस प्लेडसाठी कंपनीने १.९९ सेकंदांचा आकडा जाहीर केला. हा आकडा मात्र शंभरीचा नव्हे, तर ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९६.६ किलोमीटरचा आहे, आणि त्यात ‘रोलआउट’ वजा केलेला आहे. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत, म्हणजे सरळ छोट्या पट्टीवरच्या शर्यतींत, चाक प्रकाशकिरणाच्या बाहेर पडल्यावरच घड्याळ सुरू होते. तोवर गाडी सुमारे एक फूट पुढे सरकून ताशी आठ-नऊ किलोमीटर वेगात आलेली असते. गुरुत्वीय त्वरणाने हिशेब केल्यास हे फुकटचे अंतर पाव सेकंदाचे ठरते. ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकी नियतकालिकाला चिकट रसायन फवारलेल्या धावपट्टीवर प्लेडकडून १.९८ सेकंद मिळाले, तर साध्या डांबरावर २.०७. अशा उड्डाणाआधी बॅटरी योग्य तापमानाला आणण्यात काही मिनिटे जातात, हेही जाहिरातीतल्या आकड्यात धरलेले नसते. चिनी शाओमी कंपनीच्या १,५४८ अश्वशक्तीच्या एसयू७ अल्ट्राचे १.९८ सेकंदही रोलआउट वगळूनच आहेत. पोर्शने टायकान टर्बो जीटीच्या वायसाख आवृत्तीसाठी २.२ सेकंद सांगितले, पण वजन वाचवण्यासाठी त्या आवृत्तीतून मागची आसनेच काढून टाकली. चार दारांच्या या गाडीला मग कुटुंबाची गाडी म्हणणे धाडसाचेच.

भारतातही हा बदल पोहोचला आहे. २०२४ मध्ये येथे ५३ लाख रुपयांना विक्रीस आलेली बीवायडी सील परफॉर्मन्स ३.८ सेकंदांत शंभरी गाठते, म्हणजे २०११ सालच्या एम५ला ती सहज मागे टाकते.

लोटस कार्लटनच्या वेळचा वाद दरम्यान चीनमध्ये नव्याने उभा राहिला आहे. शाओमीने २०२५ मध्ये एसयू७ अल्ट्राची पूर्ण शक्ती शर्यतपट्टीवर ठरावीक वेळ नोंदवणाऱ्या मालकांपुरती राखून ठेवली, आणि पैसे मोजलेल्या ग्राहकांनी आक्षेप घेताच तो निर्णय मागे घेतला. त्याच वर्षी चिनी सरकारने मांडलेल्या सुरक्षा-नियमांच्या मसुद्यात, प्रवासी गाडी सुरू करताच ती शंभरीला किमान पाच सेकंद घेईल अशाच अवस्थेत असावी आणि त्याहून अधिक चपळाई चालकाने जाणीवपूर्वक निवडावी, अशी तरतूद आहे. हा उंबरठा २००५ सालच्या एम५च्या वेळेहूनही ०.३ सेकंदांनी संथ आहे.