टॉवेल जहाजाने, माणूस परवान्याने

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या कापड व्यापाऱ्याला दुबईत दुकान काढायचे आहे, असे समजा. सोलापुरी टॉवेल जहाजाने पोचतील. गल्ल्यावरचा विश्वासू माणूस नुसत्या तिकिटावर नाही. पर्यटक व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे.

आधी व्यापार परवाना, मग कामाचा परवाना. त्यासाठी अर्ज कामगार नव्हे, कंपनी करते. पुढे वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र, निवासाची परवानगी.

इकडचीही एक अट आहे. दहावी न झालेल्यांना साधारणपणे १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार भारत सरकारची मंजुरी लागते.

आणि खर्च? संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही. दलालासाठी बायकोचे दागिने गहाण टाकण्यापूर्वी हे घराघरात कळायला हवे.