फुंकरीने तापणारा वायू

फुंकर मारली की चहा निवतो. विश्वात मात्र याच्या नेमके उलट घडताना दिसते. ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. या दीर्घिकांमधील अवकाशात कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू पसरलेला असून तो सतत क्ष-किरण उत्सर्जित करतो. अशी ऊर्जा खर्ची पडत राहिली, तर वायू निवून मध्यभागीच्या एनजीसी १२७५ या दीर्घिकेत उतरायला हवा आणि तेथे दरवर्षी शेकडो सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे जन्मायला हवेत. प्रत्यक्षात तारानिर्मिती त्या मानाने फारच थोडी आहे. मग हा वायू निवत का नाही?

याचे उत्तर दीर्घिकेच्या सक्रिय केंद्रात दडलेले आहे. तेथील महाकाय कृष्णविवराकडे ओढले जाणारे सारेच द्रव्य गडप होत नाही. काही द्रव्य झोतांच्या रूपाने दोन विरुद्ध दिशांना प्रचंड वेगाने फेकले जाते. हे झोत वायूला बाजूस सारून अवाढव्य बुडबुडे फुगवतात. केंब्रिजचे अँड्र्यू फेबियन व त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ मध्ये 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीच्या छायाचित्रांत या बुडबुड्यांभोवती तरंग आढळले. ते चक्क ध्वनितरंग होते! दोन तरंगांमधील अंतर सुमारे ३५ हजार प्रकाशवर्षे आणि सूर पियानोच्या मधल्या सप्तकापेक्षा ५७ सप्तके खालचा. हे तरंग विरताना वायूला उष्णता देतात, असे फेबियन यांचे म्हणणे. २०१६ मध्ये जपानच्या 'हितोमी' उपग्रहाला मात्र हा वायू अपेक्षेपेक्षा शांत आढळला. त्यामुळे उष्णता नेमकी कशी पसरते, यावर मतभेद आहेत.

इस्त्रीतील थर्मोस्टॅटप्रमाणे हा व्यवहार चालतो. वायू निवला की कृष्णविवराला खाद्य मिळते, झोत जोर धरतात, वायू तापतो आणि खाद्य तुटते.

कधी हा जोर अनावर होतो. भुजंगधारीच्या दिशेला ३९ कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकासमूहाच्या वायूत २०१६ मध्ये एक वक्र कडा दिसली होती. ती स्फोटाची खूण मानावी, तर लागणारी ऊर्जा अविश्वसनीय ठरत होती, म्हणून ती शक्यता बाजूला पडली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीबरोबरच आपल्या नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटीच्या निरीक्षणांनी ती पोकळी रेडिओलहरींनी भरलेली असल्याचे दाखवून दिले. तोवरच्या सर्वांत मोठ्या स्फोटाच्या पाचपट ऊर्जा तेथे बाहेर पडली होती. आज त्या केंद्रातून झोत निघत असल्याची खूण दिसत नाही.