नोकरी सांभाळून व्यवस्थापन शिक्षण : पर्याय, मान्यता आणि मर्यादा

व्यवस्थापनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी ही केवळ नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांची गरज राहिलेली नाही. अभियंते, बँक अधिकारी, परिचारिका, शिक्षक, लघुउद्योजक तसेच शासकीय कर्मचारी अशा विविध क्षेत्रांतील व्यक्ती काही वर्षांच्या अनुभवानंतर या शिक्षणाकडे वळत आहेत. पदोन्नती, क्षेत्रबदल किंवा स्वतःच्या व्यवसायाचा विस्तार ही त्यामागील प्रमुख कारणे होत. मात्र कुटुंबाची आर्थिक जबाबदारी असलेल्या व्यक्तीस दोन वर्षे नोकरी सोडून वसतिगृहात राहणे सहसा शक्य नसते. त्यामुळे सायंकालीन, सप्ताहान्त, दूरस्थ आणि ऑनलाइन असे अनेक पर्याय विकसित झाले आहेत. पर्यायांची ही विपुलता स्वागतार्ह असली, तरी त्यातून निवड करणे सोपे राहिलेले नाही. दिसायला सारखे वाटणारे दोन अभ्यासक्रम कायद्याच्या दृष्टीने पूर्णतः भिन्न असू शकतात आणि हा फरक लक्षात येईपर्यंत विद्यार्थ्याची काही वर्षे व बचत खर्ची पडलेली असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर नियोजनबद्ध औद्योगिकीकरणास प्रारंभ झाला, तेव्हा प्रशिक्षित व्यवस्थापकांची उणीव तीव्रतेने जाणवू लागली. १९५३ मध्ये कोलकाता येथे भारतीय समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. १९५६ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया या संस्थेचा भर सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावरच होता. १९६१ मध्ये कोलकाता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजेच आयआयएम, अस्तित्वात आल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ मध्ये सुरू झाली.

वर्गात उपस्थित राहू न शकणाऱ्यांसाठीची दुसरी परंपरा याच सुमारास आकार घेत होती. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजेच इग्नू, स्थापन करण्यात आले. १९८७ मध्ये या विद्यापीठाने सुरू केलेल्या पहिल्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक व्यवस्थापन पदविकेचा होता, ही बाब उल्लेखनीय आहे. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणामुळे बँकिंग, विमा, माहिती तंत्रज्ञान आणि किरकोळ व्यापार या क्षेत्रांत मधल्या फळीतील व्यवस्थापकांची मागणी वाढली आणि या दोन्ही परंपरा एकमेकींच्या जवळ आल्या.

पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र

या विषयाचा मूलाधार विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ मध्ये आहे. केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, कलम ३ अन्वये घोषित झालेले अभिमत विद्यापीठ आणि संसदेने कायद्याद्वारे विशेष अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी प्रदान करता येते. अन्य कोणत्याही संस्थेस, तिचा लौकिक कितीही मोठा असला तरी, पदवी देण्याचा अधिकार नाही.

याच कारणामुळे आयआयएमसारख्या नामांकित संस्था कित्येक दशके पदवी न देता पदव्युत्तर पदविका देत होत्या. भारतीय व्यवस्थापन संस्था अधिनियम, २०१७ हा ३१ जानेवारी २०१८ पासून अंमलात आला आणि या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार प्राप्त झाला. विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या स्वतंत्र संस्था आजही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका, म्हणजेच पीजीडीएम, देतात. अशा पदविकेस एमबीएशी समकक्षता देण्याचे काम भारतीय विद्यापीठ संघ करतो. समकक्षता आपोआप मिळत नाही. पुढे संशोधनासाठी किंवा अध्यापनासाठी अर्ज करावयाचा असल्यास ती प्राप्त आहे किंवा कसे, हे प्रवेशापूर्वीच पाहणे आवश्यक ठरते.

तिसरा प्रकार प्रमाणपत्राचा. अनेक नामांकित संस्था कार्यरत व्यक्तींसाठी काही महिने ते वर्षभराचे अभ्यासक्रम चालवितात. कौशल्यवृद्धीच्या दृष्टीने ते उपयुक्त असतात, परंतु ते पदवी नव्हेत. जेथे भरती नियमांत पदव्युत्तर पदवी ही किमान अर्हता म्हणून नमूद असते, तेथे केवळ अशा प्रमाणपत्राच्या बळावर ती अर्हता पूर्ण होत नाही. ‘एक्झिक्युटिव्ह’ हे विशेषण या तिन्ही प्रकारांना लावले जाते. त्यामुळे नावावरून दर्जाचे अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

उपलब्ध मार्ग

कार्यरत व्यक्तींसाठीचे मार्ग स्थूलमानाने चार गटांत विभागता येतात.

पहिला मार्ग अल्पकालीन निवासी शिक्षणाचा. अनुभवी व्यक्तींसाठी एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आयआयएम अहमदाबादने २००६ मध्ये सुरू केला. अन्य काही आयआयएममध्येही असे अभ्यासक्रम आहेत. येथे नोकरी सोडावी लागते किंवा दीर्घ रजा घ्यावी लागते. शुल्काबरोबरच वर्षभराच्या वेतनाचाही त्याग करावा लागत असल्याने हा सर्वांत खर्चिक मार्ग होय. क्षेत्रबदल करू इच्छिणाऱ्यांना मात्र त्याचा लाभ अधिक होतो.

दुसरा मार्ग सायंकालीन अथवा सप्ताहान्त वर्गांचा. दिल्ली विद्यापीठाच्या व्यवस्थापन अभ्यास विद्याशाखेचे सायंकालीन वर्ग, आयआयएम बंगळूरचा सप्ताहान्त अभ्यासक्रम आणि मुंबई विद्यापीठाचे वित्त, विपणन व मनुष्यबळ विकास या विषयांतील तीन वर्षांचे अंशकालीन अभ्यासक्रम ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. कार्यालयात सकाळी उद्भवलेला प्रश्न संध्याकाळी वर्गात मांडता येणे, हे या पद्धतीचे बलस्थान. तिची मर्यादा भौगोलिक आहे. महानगरांत राहणाऱ्यांनाच ती सुलभ आहे. बदलीची नोकरी असणाऱ्यांस किंवा तालुक्याच्या गावी काम करणाऱ्यांस ती जवळजवळ बंदच असते.

तिसरा मार्ग मुक्त व दूरस्थ शिक्षणाचा. मुद्रित स्वयं-अध्ययन साहित्य, गृहपाठ, अभ्यासकेंद्रावरील मार्गदर्शन आणि सत्रान्त परीक्षा हे त्याचे घटक आहेत. शुल्क तुलनेने अल्प असते. इग्नूच्या एमबीएचा किमान कालावधी दोन वर्षांचा असून तो चार वर्षांपर्यंत लांबविता येतो. कामाचा ताण वाढल्यास गती कमी करण्याची ही मुभा नोकरदारासाठी मोलाची आहे.

चौथा मार्ग ऑनलाइन पदवीचा. यात व्याख्याने, चर्चा व मूल्यमापन आंतरजालाद्वारे होते. दूरस्थ अभ्यासक्रम चालविताना राज्य विद्यापीठांना आपल्या अधिकारक्षेत्राची मर्यादा पाळावी लागते. ऑनलाइन अभ्यासक्रमास अशी प्रादेशिक मर्यादा नाही. त्यामुळे ईशान्य भारतातील विद्यार्थी दक्षिणेतील विद्यापीठात प्रवेश घेऊ शकतो.

प्रवेशाच्या निकषांतही भिन्नता आढळते. आयआयएमच्या नियमित अभ्यासक्रमांसाठी कॅट ही परीक्षा असते. अखिल भारतीय व्यवस्थापन संघाची मॅट परीक्षा १९८८ पासून घेतली जाते. अनुभवी व्यक्तींसाठीच्या अनेक अभ्यासक्रमांत जीमॅट किंवा संस्थेची स्वतंत्र चाचणी, कार्यानुभव आणि मुलाखत यांना महत्त्व दिले जाते.

वेळेचा हिशेब

शुल्काची तुलना सर्वच करतात. वेळेची तुलना फारशी कोणी करीत नाही. वस्तुतः नोकरदारासाठी वेळ हेच खरे शुल्क असते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे ३० अध्ययन तास आणि एक शैक्षणिक वर्ष म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात १,२०० तास. या हिशेबाने दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी २,४०० तास लागतात.

हे तास दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत विभागल्यास दर आठवड्यास सुमारे २३ तास अभ्यास करावा लागेल. तीन वर्षांत हे प्रमाण सुमारे १५ तासांवर येते, तर चार वर्षांत साडेअकरा तासांवर. आठवड्याचे ४८ तास काम आणि रोजचा प्रवास यांत भर म्हणून २३ तास काढणे किती जणांना शक्य आहे, याचा विचार प्रवेशाआधी व्हावयास हवा. अंशकालीन अभ्यासक्रम तीन वर्षांचा का असतो आणि मुक्त विद्यापीठे कालावधी दुप्पट करण्याची सवलत का देतात, याचे उत्तर याच गणितात आहे. घरकाम व संगोपनाचा भार ज्यांच्यावर अधिक असतो, त्या स्त्रियांच्या बाबतीत हे गणित अधिकच कठीण होते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये दूरस्थ शिक्षणातील एकूण नोंदणी ४५.७१ लाख होती व त्यांपैकी २०.९ लाख स्त्रिया होत्या. सवडीने शिकण्याची सोय असलेल्या शिक्षणपद्धतीचे सामाजिक महत्त्व या आकड्यांवरून स्पष्ट होते.

मान्यतेचा प्रश्न

मान्यतेकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचा धडा अभियांत्रिकी शिक्षणाने दिला. ओडिशातील एका महामंडळातील पदोन्नतीच्या वादातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निर्णय दिला. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यता न घेता दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकी पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना तंत्रशिक्षण परिषदेमार्फत परीक्षा देण्याची संधी दिली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरविण्यात आल्या. नोकरी करीत मिळविलेली पदवी आणि तिच्या आधारे मिळालेले लाभ अनेक वर्षांनंतर संकटात आले. दोष संस्थांचा होता, परंतु परिणाम विद्यार्थ्यांना भोगावे लागले.

दूरस्थ शिक्षणाचे नियमन पूर्वी इग्नूअंतर्गत दूरशिक्षण परिषदेकडे होते. २०१३ मध्ये ही परिषद बरखास्त झाली व जबाबदारी विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आली. सप्टेंबर २०२० मध्ये आयोगाने मुक्त व दूरस्थ तसेच ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एकत्रित विनियम अधिसूचित केले. संस्थेची पात्रता ठरविताना नॅकचे गुणांकन किंवा राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीतील स्थान विचारात घेतले जाते. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, वास्तुशास्त्र यांसारखे अभ्यासक्रम या पद्धतीने चालविण्यास मनाई आहे. व्यवस्थापनास मात्र अनुमती आहे. मान्यताप्राप्त संस्थेने या पद्धतीने दिलेली पदवी ही पारंपरिक पदवीशी समकक्ष असते, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

या विनियमांनुसार खासगी केंद्रांना वा कंपन्यांना अभ्यासक्रम चालविण्यास देता येत नाही. शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांशी असा करार करू नये, अशी सूचना आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठांना दिली होती. प्रवेशेच्छूने म्हणूनच आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव, शिक्षणपद्धती आणि प्रवेशाचे सत्र या चारही बाबी पडताळाव्यात. संस्थेस मान्यता आहे म्हणून तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमास मान्यता असतेच असे नाही.

लवचीकतेच्या दिशेने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर या क्षेत्रात काही मूलभूत बदल झाले. २०२१ मध्ये श्रेयांक संचय पेढीची चौकट तयार झाली. एका ठिकाणी मिळविलेले श्रेयांक जपून ठेवणे व नियमांच्या अधीन राहून अन्यत्र वापरणे तीमुळे शक्य झाले. त्याच वर्षीच्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासविषय ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचावरून पूर्ण करण्यास विद्यापीठे अनुमती देऊ शकतात. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने अटींच्या अधीन राहून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली.

शासकीय सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी अध्ययन रजेची तरतूद आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ नुसार साधारणतः पाच वर्षांच्या सेवेनंतर, कर्तव्याशी निकटचा संबंध असलेल्या उच्च शिक्षणासाठी ही रजा मिळू शकते. एका वेळी सामान्यतः १२ महिने व संपूर्ण सेवाकाळात २४ महिने अशी तिची मर्यादा असून परतल्यावर तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. ही रजा हक्क म्हणून नव्हे, तर लोकहित पाहून मंजूर होते. खासगी क्षेत्रातील बहुसंख्य कर्मचाऱ्यांना अशी कोणतीही तरतूद उपलब्ध नाही. मोठ्या कंपन्या निवडक अधिकाऱ्यांचे शुल्क भरतात. लघुउद्योगातील पर्यवेक्षकास मात्र स्वतःच्या खिशातून व स्वतःच्या झोपेतून शिक्षणाचे मोल द्यावे लागते.

समारोप

नोकरी सांभाळून घेतलेले व्यवस्थापन शिक्षण हे पूर्णवेळ शिक्षणाची दुय्यम प्रतिकृती नव्हे. प्रत्यक्ष कामाचा अनुभव हाती असताना घेतलेल्या ज्ञानास वेगळी धार येते. मात्र त्यासाठी निवडीचा क्रम योग्य असावा लागतो. पदवी, पदविका व प्रमाणपत्र यांपैकी नेमके काय मिळणार, ते देण्याचा अधिकार संस्थेस कोणत्या कायद्याने मिळाला आहे, आठवड्यास किती तास देता येतील आणि अखेरीस एकूण खर्च किती, या क्रमाने विचार केल्यास चूक होण्याचा संभव कमी होतो. प्रत्यक्षात जाहिरातींच्या प्रभावाखाली हा क्रम अनेकदा उलटा होतो. विद्यार्थ्याची जागरूकता जशी आवश्यक आहे, तशीच मान्यतेची माहिती प्रादेशिक भाषांतून व सोप्या स्वरूपात पोहोचविण्याची जबाबदारी नियामक संस्थांची आहे. नोकरदार विद्यार्थी आपल्या मर्यादित वेळेतून शिक्षणासाठी तास काढतो. त्या तासांचे रक्षण करणे हे शैक्षणिक नियमनाचे प्रमुख उद्दिष्ट असावयास हवे.