पाठीत स्क्रू बसवल्यावर

मणक्याचं मोठं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडची माणसं नागपूर गाठतात. झाडावरून पडणं, मोटारसायकलचा अपघात, कारण काहीही असो. टायटॅनियमचे स्क्रू आणि सळ्या बसवून पेशंट घरी येतो आणि पुढची सेवा घरातल्या बाईवर पडते. आमच्या गटांच्या बैठकीत याचे प्रश्न येतात, म्हणून आज यावर बोलू.

स्क्रू-सळ्या हा टेकू आहे. खरं काम हाडाने जुळायचं, आणि त्याला कित्येक महिने लागतात. दुसरी गोष्ट, धातूत रक्त फिरत नाही. जंतू त्यावर बसले की चिकट थर करतात, आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. साधी जखम पिकली तर गोळ्यांनी भागतं. इथे कधी पुन्हा ऑपरेशन करून धुवावं लागतं.

म्हणून दवाखान्यात औजारं कशी साफ होतात ते आपल्यालाही माहीत असावं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. दाबाची वाफ, 121 अंश, किमान 15 मिनिटं. पण त्याआधी घासणं! जळकं पातेलं न घासता कुकरात ठेवलं तर खरपूड निघते का? तसंच औजारावर रक्त वाळलं की त्याखाली जंतू लपतात. मणक्याची औजारं पोकळ, सांध्याची, दातेरी. आतून ब्रश फिरवावा लागतो. पुडक्यावरच्या चिकटपट्टीच्या रेघा वाफेने काळ्या होतात, पण आतलं औजार घासलं होतं की नाही, हे ती पट्टी सांगत नाही. ते धुणाऱ्या माणसावरच असतं, आणि त्या माणसाला कोणी विचारत नाही.

स्क्रूंची पेटी बऱ्याचदा कंपनीकडून येते, एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरते. आली तशी ती वापरायची नसते. पुन्हा धुऊन पुन्हा वाफ द्यायची असते. तेव्हा पेटी उशिरा आली म्हणून ठरलेलं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, तर भांडू नका. घाई काय असते ते आपल्या शेजारी बिलासपूर जिल्ह्यात दिसलं. नोव्हेंबर 2014 मध्ये तिथल्या नसबंदी शिबिरात काही तासांत 83 बायांची ऑपरेशनं उरकली. एका पथकाने दिवसाला 30 हून जास्त करू नयेत असा नियम होता. 13 बाया गेल्या. मरण औषधाने आलं की जंतूंनी, यावर वाद झाला. पण तेवढ्या वेळात औजारं नीट साफ करणं कसं जमणार, हे भांडी घासणाऱ्या कोणत्याही बाईला कळतं.

आता घरचं. पट्टीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. टाके कोरडे ठेवा. डॉक्टर सांगेपर्यंत आंघोळ नाही, अंग पुसायचं. हळद, चुना, तेल, झाडपाला काही लावायचं नाही. मालिश तर नाहीच. उठताना खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोराने बसायचं. वाकणं, पिळणं, उचलणं बंद. पाण्याचा गुंड, बोअरिंगचा दांडा, झाडू, रोवणी हे सगळं डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. संडासाला खुर्ची लावा. मात्र दिवसभर झोपवूनही ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं रोज चालवा.

आणि खर्रा. यावर आम्ही चिडूनच बोलतो. बिडी, खर्रा, गुडाखू यांतल्या निकोटिनने हाडाकडचं रक्त कमी होतं आणि हाड जुळत नाही. दीर ‘आराम कर भाऊ’ म्हणत खर्रा आणून देतो, ती सेवा नाही. साखर असेल तर तीही ताब्यात हवी.

ताप आला, जखम लाल-गरम झाली, पू किंवा पाणी आलं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, तर त्याच डॉक्टरांना दाखवा; ऑपरेशनला महिने झाले असले तरी. पायाची ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत झाली, पोटरी सुजून दुखली, दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. सुटीचा कागद आणि स्क्रूचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाजवळ ठेवा. पुढे एमआरआय काढायची वेळ आली तर आधी तेच विचारतात.